कागदावरचा शनिवार

आमच्या ऑफिसात एक बाई आहे, तिच्याशी मी बोलत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी लपवलं. आमची टेबलं समोरासमोर आहेत. मान वर केली की मला तिचा चेहरा दिसतो आणि तिला माझा, म्हणून दोघीही मान खाली घालून काम करतो. आमच्या शाखेत कामाचा उरक चांगला आहे असं साहेब सगळीकडे सांगतात. तो कशामुळे आहे हे त्यांना ठाऊक नाही.

ऑफिस अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कारखान्यांना लागणारी इलेक्ट्रिक पॅनेल कशी बनवायची याची ड्रॉइंग्ज आम्ही करतो. कंपनी पुण्याची, आम्ही तिची नाशिकची शाखा. ती बाई ड्रॉइंग काढते. निघालेली ड्रॉइंग्ज सांभाळणं, नवं आलं की जुनं सगळीकडून परत गोळा करणं, हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी भर मीटिंगमध्ये ती म्हणाली, "ह्या मॅडमला जुनं न् नवं सारखंच दिसतं." चूक पॅनेल जोडणाऱ्या माणसाची होती, त्याने जुना कागद स्वतःपाशीच ठेवून घेतला होता. ते नंतर सिद्धही झालं. हिने मात्र एका शब्दाने माफी मागितली नाही. मग मीही म्हटलं, राहिलं. तेव्हापासून काही सांगायचं असलं तर मेल, आणि त्या मेललाही वर नमस्कार नाही की खाली आभार नाहीत.

आता हे परमिशनचं प्रकरण. आम्ही प्रत्येक जण दर आठवड्याला कॉम्प्युटरवर टाइमशीट भरतो. कुठल्या दिवशी कुठल्या कामावर किती तास घातले ते लिहायचं, आणि साहेबांनी ते मंजूर करायचं. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग पुण्याला कुणाला तरी वाटलं की कुणी काय पाहावं आणि कुणी काय मंजूर करावं याची नीट घडी बसवली पाहिजे. एका सकाळी आलो तर सगळ्यांच्या परमिशन बदललेल्या. आमच्या शाखेचा वेगळा गट होता, तो पुण्याच्या गटात नेऊन टाकलेला. साहेबांना निम्मी बटणं दिसेनात. आणि मला, न मागता, शाखेची ॲडमिन करून ठेवलेलं. का, तर ऑफिसात सगळ्यात जुनी मी. देवळात झाडलोट करणाऱ्या बाईला एक दिवस गाभाऱ्याची किल्ली द्यावी तसं ते होतं. पगार तोच.

पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची रविवारची खूण लाल झाली. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारी असते. कधीकाळी विजेच्या टंचाईत प्रत्येक भागाला सुट्टीचा वेगळा वार वाटून दिला, त्यात हा वार आमच्या वाट्याला आला, आणि तो अजून तसाच आहे. रविवारी सगळं नाशिक गंगापूर रोडला गाड्या लावून मिसळ खायला उभं असतं, तेव्हा आम्ही डबे घेऊन कामाला निघालेलो असतो. माझ्या मुलाच्या लहानपणी शाळेतल्या बाईंनी त्याला विचारलं होतं, रविवारी आई काय करते, तर तो म्हणाला, आई नसते. असो. पुण्याला मात्र सुट्टी रविवारची, आणि आम्ही आता त्यांच्या गटात. तेव्हा रविवारी तास भरले की सॉफ्टवेअर म्हणे, ही तर सुट्टी.

यावर आमच्या मंडळींनी काय करावं? पुण्याला फोन? भांडण? छे. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, रविवारचं शनिवारी टाका, जातंय. सगळ्यांनी टाकलं, गेलं. साहेबांनीही स्वतःचं तसंच टाकलं. मीही टाकलं, कारण त्या दिवशी माझ्यापुढे ड्रॉइंग्जचा ढीग होता आणि वारांशी झगडायला मला वेळ नव्हता. पुढच्या आठवड्यापासून ते अंगवळणी पडलं. रविवारी कामाला यायचं, लिहायचं शनिवार, आणि त्यात काही चुकीचं आहे हे कुणाच्या ध्यानातसुद्धा राहिलं नाही.

तीन-चार महिने गेले असतील. महिनाअखेर जवळ आली, आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा चेहरा कारल्याचा रस प्यायल्यासारखा झाला होता.

"तिच्या टाइमशीट माझ्याकडे येतच नाहीत," ते म्हणाले. तिच्या म्हणजे समोरच्या टेबलाच्या. "बाकी सगळ्यांच्या येतात. तिच्या एकटीच्या नाहीत."

"मग पुण्याला विचारा."

"पुण्याने सांगितलं, शाखेच्या ॲडमिनला विचारा. म्हणजे तुम्हाला." मग त्यांनी आवाज खाली आणला. हा माणूस आवाज खाली आणतो तेव्हा हमखास काहीतरी घाण बोलतो. "मॅडम, वैयक्तिक भांडणं सिस्टीममध्ये आणू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाहेर आले तर सगळे एकाएकी कामात बुडालेले. सगळ्यांना आधीच माहीत होतं, मलाच शेवटी कळलं होतं. पाणी प्यायला गेले तर माझ्या शेजारी बसणारी, जिच्या मुलीच्या लग्नात मी तीन दिवस राबले होते, ती मला हळूच म्हणाली, "बास आता, सोडा. वचपा काढायचा तो काढलात. बिचारीची नोकरी जाईल."

नोकरीचं खरं होतं. ती कंत्राटावर आहे. तिचं कंत्राट त्या महिनाअखेरीला संपत होतं, आणि पुण्याहून ते वाढवतात ते मंजूर झालेले तास बघून. तिच्या नावापुढे मंजूर तास जवळजवळ नव्हतेच. पुण्याच्या हिशेबाने ही बाई महिनोन् महिने नुसती बसून होती. पंचेचाळिशीच्या ड्रॉइंगवाल्या बाईला अंबडमध्ये पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. त्यांना कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं लागतात. तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे आता मी फक्त भांडखोर राहिले नव्हते. एकटीच्या पोटावर पाय देणारी झाले होते.

खरं सांगते, मला तिची दया आली नाही. मला राग आला होता तो माझं नाव खराब झाल्याचा. जे मी केलं नाही ते माझ्या डोक्यावर थापून ही सगळी माणसं दुपारी माझ्याच डब्यातली चटणी मागणार होती.

मी कामाला लागले. तिच्या परमिशन काढल्या, परत दिल्या. तिचं नाव गटातून काढलं, परत घातलं. मंजूर करणाऱ्याच्या जागी साहेबांचंच नाव आहे ना, ते बघितलं. होतं. पुण्याच्या मदत कक्षाला तक्रार पाठवली, तर संध्याकाळी उत्तर आलं की तक्रारीचं निवारण झालं आहे. काय झालं होतं, कुणी काय केलं, काही नाही. निवारण झालं आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण ज्याने काढली त्याने पुण्याच्या मदत कक्षाशी नक्कीच व्यवहार केला असला पाहिजे.

या सगळ्या वेळात ती समोर बसून होती. मी तिच्याच नावाशी झटतेय हे तिला दिसत होतं. एकदा तरी विचारावं? नाही. मान खाली.

शेवटी मी माझी टाइमशीट आणि तिची टाइमशीट शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. तेच प्रोजेक्ट, तेच तास, तेच साहेब. आणि मग दिसलं. माझ्या शनिवारी आठ तास होते, रविवार कोरा. तिचा शनिवार कोरा होता आणि रविवारी आठ. मागचा आठवडा, त्याच्या मागचा, सगळे तसेच. अख्ख्या शाखेत या एका बाईने रविवारला रविवार म्हटलं होतं. सुट्टीच्या दिवसाचे तास आले की नव्या नियमाने ती टाइमशीट साहेबांकडे जायचीच नाही. ती जायची सुट्टीचं काम मंजूर करणाऱ्या वेगळ्या माणसाकडे. परमिशन बदलताना पुण्याच्या शहाण्यांनी ती जागा तयार केली होती, आणि तिथे माणूस नेमायला विसरले होते. तिचे आठवडे त्या रिकाम्या खुर्चीपुढे रांग लावून उभे होते.

मी तिला मेल टाकली. "रविवारचे तास शनिवारी टाका. सगळ्यांनी तसंच केलं आहे."

समोरून कीबोर्ड वाजला. उत्तर आलं. "शनिवारी मी घरी होते."

एवढंच. मी उठले. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. खोलीतले सगळे कीबोर्ड थांबले.

"हट्ट सोडा," मी म्हणाले. "कंत्राट संपतंय तुमचं."

"म्हाईत हाय."

"मग वार बदला आणि मोकळ्या व्हा. दोन मिनिटांचं काम आहे."

"तुमी सगळ्यांनी बदलला?"

"सगळ्यांनी."

"साहेबांनी पण?"

"साहेबांनी पण. तुम्हीच तेवढ्या हरिश्चंद्र का?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. "मॅडम, मी ओझरवरनं येते. हायवेनं, स्कूटीवर. रविवारी रस्त्यात मला ट्रकनं उडवलं, तर कंपनी काय म्हणंल? कागदावर बाई घरी हाय, सुट्टीवर हाय. कुठं हिंडत होती ते आम्हाला नाय म्हाईत. तुमी सगळ्यांनी आपल्या हातानं लिहून दिलंय तसं. मी नाय देणार."

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, असं काहीतरी पुटपुटत मी परत आले. वाईट हे होतं की तिचंच खरं होतं. मी नाशिक रोडहून येते, बसने. माझाही रविवार कागदावर घरीच झोपलेला होता.

साहेबांना हे सांगितलं, तर ते हसले. "एवढंच ना? तुम्ही ॲडमिन आहात. तुम्हीच बदला तिचे वार. तिला कशाला विचारता?"

बदलता येत होते. जागेवर येऊन मी तिची टाइमशीट उघडलीही. आठचा आकडा रविवारातून उचलायचा आणि शनिवारात ठेवायचा. तिची नोकरी राहिली असती, माझ्यावरचा आळ गेला असता, साहेब खूश झाले असते. पण मी तिच्या कागदावर खोटं लिहिलेलं तिला कळलं असतं, तर तिने मला आयुष्यभर सोडलं नसतं, आणि बरोबर केलं असतं. शत्रूला असं हत्यार हातात आणून द्यायला मी काही एवढी खुळी नाही. शिवाय साहेबांचं ते हसणं माझ्या डोक्यात गेलं होतं. मी टाइमशीट बंद केली आणि पुण्याला फोन लावला.

पलीकडे एक तरुण पोरगा होता, च्युइंगम चघळत बोलणारा.

"मॅडम, पण संडेला कोण काम करतं?" त्याने विचारलं.

"तू जे वीजबिल भरतोस ना बाळा, त्यातली वीज ज्या पॅनेलमधून येते ती पॅनेल बनवणारे लोक करतात."

तो जरा सरळ झाला. मग म्हणाला की नाशिकच्या शाखेला वेगळं कॅलेंडर लावता येतं, शनिवार सुट्टीचा असलेलं, आणि त्याच्या परमिशन माझ्याकडेच आहेत. "पण ते मागच्या तारखेपासून लागेल हां. जुने सगळे आठवडे परत चेक होतील."

मागच्या तारखेपासून म्हणजे काय होणार, हे मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मला चांगलं कळलं. मी त्याला पुढे काही विचारलं नाही. फोन ठेवला, कॅलेंडर उघडलं, सुट्टीच्या चौकोनात रविवार होता तो काढला, शनिवार घातला, आणि चहा प्यायला गेले.

परत आले तर ऑफिसात बोंबाबोंब. रविवार आता कामाचा दिवस झाला होता, म्हणून तिचे सगळे आठवडे त्या रिकाम्या खुर्चीपुढून सुटून साहेबांच्या यादीत येऊन बसले होते. आणि बाकीच्या सगळ्यांनी लिहिलेले शनिवार सुट्टीचे झाले होते, म्हणून मंजूर होऊन गेलेले त्यांचे आठवडे नामंजूर होऊन त्या रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले होते. माझेही. साहेबांचेही. अख्खी शाखा लाल, आणि मध्ये ती एकटी स्वच्छ.

साहेब केबिनमधून धावत आले. "काय केलंत हे? आत्ताच्या आत्ता आधी होतं तसं करा!"

"करते," मी म्हणाले. "तुमच्या यादीत आता एकच नाव आहे. आधी ते मंजूर करा."

"तुम्ही मला अट घालता?"

"घालते. उद्या महिना संपतो. ते मंजूर झालं नाही तर मी कॅलेंडरला हात लावणार नाही, आणि पुण्याहून विचारलं तर साहेब कुठल्या वारी कुठे होते तेही सांगेन."

त्यांचा चेहरा असा झाला की एरवी मी घाबरले असते. त्या दिवशी नाही घाबरले. सगळ्यांच्या देखत ते केबिनमध्ये गेले आणि बटण दाबत बसले. माझ्या पडद्यावर तिचे आठवडे एकेक करून हिरवे झाले. शेवटचा झाला तशी मी जाऊन सांगितलं.

"साहेब, आता मी कॅलेंडर बदलणार नाही. बदललं तर तिचं परत अडकेल."

"पण तुम्ही म्हणालात..."

"म्हणाले होते."

सरळ बोटाने तूप निघत नसलं की बोट वाकडं करावं लागतं, आणि माझं बोट जन्मापासून वाकडंच आहे. साहेबांनी त्याच संध्याकाळी पुण्याला सांगून माझ्या ॲडमिनच्या परमिशन काढवल्या. ड्रॉइंग्जच्या फोल्डरशिवाय मला आता काही उघडत नाही. कॅलेंडर मात्र पुण्याने तसंच ठेवलं. त्यांच्या मते आता ते बरोबर होतं. सगळ्यांना आपापले शनिवार उपसून रविवारी न्यावे लागले, आठवड्यामागून आठवडे, आणि प्रत्येक आठवड्यागणिक माझ्या नावाने बोटं मोडली गेली. जेवायला माझ्या टेबलाशी कुणी येईना. माझी चटणी पहिल्यांदाच माझी मला पुरली. जिच्या मुलीच्या लग्नात राबले होते ती तर म्हणाली, "एकीसाठी सगळ्यांना खड्ड्यात घातलंत." काल हीच मला एकीचा जीव घेणारी म्हणत होती.

आठवड्याभराने तिचं पत्र आलं. कंत्राट वाढलं होतं. तिने ते उभ्यानेच वाचलं, पर्समध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली. साहेबांना दिला. दाराजवळच्या टेबलापासून सुरुवात करून सगळ्यांना दिला. ज्यांनी महिनोन् महिने तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं, त्यांनी हसत हसत घेतला, अभिनंदन म्हणाले. माझ्या टेबलापाशी आली, आणि डबा तसाच हातात धरून पुढे निघून गेली.

माझ्या कानातून वाफ निघायची बाकी राहिली. माझ्या परमिशन गेल्या, माझं जेवणाचं टेबल रिकामं झालं, आणि ही बाई साहेबांना पेढा देते! ती डबा धुवायला बेसिनपाशी गेली तशी मी मागोमाग गेले.

"सगळ्यांना पेढा," मी म्हणाले. "मला का नाही?"

तिने नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही.

"त्यांना पेढा दिला, मिटलं," ती म्हणाली. "तुमचं पेढ्यावर कसं मिटंल, मॅडम?" तिचा आवाज फाटला. डबा तिने उगाचच परत धुवायला घेतला.

मला तिचा भयंकर राग येत होता, कारण ती गेली असती तर त्या खोलीत मी कुणाशी भांडले असते ते मला कळत नव्हतं.

"मग नका देऊ," मी म्हणाले, आणि माझ्या जागेवर येऊन बसले.